‘मॅनेजर’ म्हणवणाऱ्याने आमच्या मंडळाचे ५० हजार नेले

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातलं आमचं दहीहंडी मंडळ, मी खजिनदार. यंदा महिलांचा आग्रह होता, मालिकेतल्या नायिकेला बोलवा. साउंडवाल्याने नंबर दिला, “हा तिचा मॅनेजर, सुपारी हाच घेतो.”

माणूस बोलायला गोड. मानधन दीड लाख, पण त्याच दिवशी ठाण्याचंही बोलावणं आहे, तारीख धरायची तर ५० हजार आजच टाका म्हणाला. आम्ही त्याच्या खासगी खात्यावर यूपीआय केले. दुसऱ्या दिवशी नायिकेचा व्हिडिओ आला: “मी येतेय, तुम्हीही नक्की या!” आम्ही तो गावभर फिरवला, चौकात फ्लेक्स लावला. त्या व्हिडिओत गावाचं नाव नव्हतं, मंडळाचं नव्हतं, तारीखही नव्हती. दुसऱ्याच कार्यक्रमासाठी केलेल्या व्हिडिओचा कापलेला तुकडा होता तो.

चार दिवस आधी त्याचा फोन बंद. धावाधाव करून तिचं पीआर बघणाऱ्या ताईंना गाठलं. त्या म्हणाल्या, “दादा, मी फक्त प्रसिद्धी आणि मुलाखती बघते. तारखा मॅनेजर देतात, आणि या नावाचं आमच्याकडे कुणीच नाही.”

तोवर आम्हाला हे सगळे एकच वाटायचे. तारखा आणि मानधन मॅनेजर ठरवतो. एजन्सी जाहिराती, इव्हेंट आणते आणि कमिशन घेते. कास्टिंग डायरेक्टर तर निर्मात्यासाठी कलाकार शोधतो, तो कलाकाराचा प्रतिनिधीच नव्हे. आयोजक आणि मॅनेजर यांच्यामध्ये को-ऑर्डिनेटर असतात. त्यांतले कितीतरी चोख काम करतात, पण खेड्यातल्या मंडळाला शेवटचा खरा माणूस कोण हे दिसत नाही, आणि ठग नेमका तिथेच घुसतो.

मंडळांनो, कलाकाराच्या अधिकृत इन्स्टाग्रामवर कामासाठी ईमेल दिलेला असेल, तर आधी तिथे विचारा. करारपत्र झाल्याशिवाय टोकन देऊ नका. एजन्सीने जीएसटी क्रमांक दिला तर सरकारी पोर्टलवर तो कुणाच्या नावाचा आहे ते बघा. व्हिडिओत गाव आणि तारीख बोलून घ्या. आणि पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. गावात अब्रू जाईल म्हणून आम्ही तीन दिवस गप्प बसलो, तेवढ्यात त्या ठगाचं खातं रिकामं झालं होतं.

तक्रार नोंदवली आहे. वर्गणीच्या वहीत बचत गटातल्या बायकांचे शंभर-शंभर रुपये आहेत. मी घरोघरी जाऊन झालेलं सांगतोय. अजून अकरा घरं राहिली आहेत.