शेत पोरांसाठी राखायचं: मृत्युपत्र, बक्षीसपत्र की वाटप?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत शेतकरी आपल्या रानात प्लॉट पाडायचा हक्कच सरकारला किंवा एखाद्या न्यासाला कायमचा विकतो. मालक बदलला तरी शेत शेतच राहतं. आपल्याकडे असा कागद नाही. उलट 'ही जमीन कधीच विकायची नाही' अशी अट घालून जमीन दिली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 10 ती अटच बाद करतं. मग उरतात आपले नेहमीचे कागद.

आधी जुने फेरफार काढून जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित ते बघा. वडिलोपार्जित असेल तर मुलीचाही जन्मापासून मुलाएवढाच हिस्सा. 2005 साली कायदा बदलून मुलींना हा हक्क मिळाला तेव्हा वडील हयात नव्हते म्हणून तो बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. बहिणींना 'विचारायचं राहिलं' तर पुढचं सगळं कोर्टात अडकतं.

स्वकष्टार्जित रानासाठी माझा कल मृत्युपत्राकडे. स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, मन बदललं तर नवं करता येतं. नोंदणी सक्तीची नाही, पण कराच. वडिलोपार्जित जमिनीत मात्र ते फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं चालतं.

बक्षीसपत्राची भुरळ पडते ती खर्चामुळे. मुलं-नातवंडांना शेतजमीन देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, वर किरकोळ उपकर-फी. पण सही केली की मालकी गेली. पोरगं दुसऱ्या दिवशी विकू शकतं. द्यायचंच असेल तर सांभाळाची अट कागदातच लिहा, म्हणजे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार राहतो.

वाटप सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली होतं. भांडणं गुंठ्यांवरून कमी, विहीर आणि वाटेवरून जास्त. म्हणून लिहितानाच लिहा: विहीर सामाईक, पाण्याची पाळी कुणाची कोणत्या वारी, मोटरचं वीजबिल कोण भरणार, मागच्या रानात बैलगाडी-ट्रॅक्टर कुठल्या बांधावरून जाणार. शिवाय तुकडेबंदी आहेच. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे ही किमान मर्यादा. एकरभर जिरायत चौघांत वाटता येत नाही.

काहीच न करता सामाईक ठेवलं तर? लोक याला आळस म्हणतात, पण हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 इथेच कामी येतं. वारसाने आलेल्या जमिनीतला हिस्सा एखाद्या भावंडाने विकायला काढला, तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क असतो. हे शेतजमिनीलाही लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं. वाटप झालं किंवा मृत्युपत्राने जमीन गेली की हा आधार धरता येत नाही. मात्र हक्क असून भागत नाही. पुण्यातल्या भावाचा हिस्सा घ्यायला गावात कसणाऱ्याच्या गाठीला पैसा हवा. तो नसेल तर वाटपच बरं.