दोन ऑक्सिजन सेन्सरचे पैसे घेतले, एकही बदलला नव्हता

थोडं लांब होईल पण पूर्ण लिहितो, कारण ज्यांच्या गाडीत चेक इंजिनची लाइट लागलीये आणि गॅरेजवाला "ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा पार्ट) गेलाय" म्हणतोय त्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अशी झाली की गाडी सिग्नलला उभी असली की इंजिन किंचित थरथरायचं, रनिंगला काही त्रास नाही. मग दोन-चार दिवसांनी डॅशबोर्डवर ती पिवळी लाइट लागली. गॅरेजमध्ये नेली, त्या माणसाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलेत, दोन्ही बदलावे लागतील, असंच चालवलं तर इंजिनचं काम निघेल." स्क्रीनवर पी०१७१ असा कोड होता, तो मी मोबाइलवर टिपून ठेवला, पण अर्थ माहीत नव्हता, आणि इंजिनचं काम निघेल म्हटल्यावर कोणीही घाबरतोच. करा म्हणालो. संध्याकाळी गाडी मिळाली, लाइट गेलेली, बिलात दोन सेन्सर आणि मजुरी, आणि मी मागायच्या आधीच त्याने खोक्यात घालून एक काळाकुट्ट सेन्सर हातात दिला, "हा बघा तुमचा जुना." खरं सांगतो, त्या खोक्यामुळेच माझा विश्वास बसला. दोन बदलले तर जुना एकच कसा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पाच दिवसांनी लाइट परत लागली. परत गेलो तर आता म्हणे, "सेन्सर तर नवीन टाकलेत, म्हणजे तुमचा कॅट गेलाय." कॅट म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा. तो बदलायचा, खर्च पहिल्या बिलाच्या कितीतरी पट, आणि जुना इथेच राहू द्या, तुम्हाला काय उपयोग त्याचा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात, जुन्या कॅटलाही चांगला भाव येतो, त्यामुळे कोणी चांगला कॅट काढून ठेवून घेतला तर त्याची कमाई दोन्ही बाजूंनी.

खर्च ऐकूनच मी विचार करून सांगतो म्हणालो आणि ओळखीतून एका वयस्कर मेकॅनिककडे गाडी नेली, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आधी स्कॅनर लावलाच नाही. गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं, "बदललेला सेन्सर कुठला म्हणालात?" मी बिल दाखवलं. त्यांनी पुढच्या, म्हणजे कॅटच्या आधीच्या, सेन्सरच्या नटावर प्रकाश धरला. तो नट साधारण २२ च्या पान्याने उघडतो, आणि जुना गरम होऊन होऊन गंजलेला नट पाना लावून फिरवला की कोपऱ्यांवरचा गंज खरवडला जातो, खालचं लोखंड चमकतं. इथे सहाच्या सहा कोपरे तपकिरी, गंजाची साय अखंड, नट आणि पाइपच्या सांध्यात पण धूळ-गंज एकजीव झालेला. वायरवरचं कापडी कव्हर उन्हात वाळल्यासारखं कडक. मागच्या, कॅटनंतरच्या, सेन्सरचीही तीच गत. नवा सेन्सर येतो तेव्हा त्याच्या आट्यांना आधीच एक पेस्ट लावलेली असते, आटे चकचकीत असतात, तसलं काहीच नाही. कोणी त्याला हातही लावला नव्हता.

मग मला खोका आठवला, तो डिकीतच होता. काकांनी तो सेन्सर हातात घेतला आणि नुसत्या वायरी मोजल्या. तीन. माझ्या गाडीतल्या दोन्ही सेन्सरना चार-चार. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन हीटरच्या (बऱ्याचदा दोन्ही पांढऱ्या), एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या ग्राउंडची, आणि तीन वायरींच्यात ते ग्राउंड सेन्सरच्या बॉडीतून घेतलेलं असतं. कनेक्टरच वेगळा, माझ्या गाडीत तो लागूच शकत नाही. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीतला भंगार सेन्सर खोक्यात घालून मला "तुमचा जुना" म्हणून दिला होता.

मग लाइट गेली कशी? त्याने फक्त स्कॅनरने कोड डिलीट केला होता. कोड पुसला की लाइट लगेच जाते, पण बिघाड तिथेच असतो, आणि कॉम्प्युटरने गाडी चालताना तो पुन्हा पकडला की लाइट परत लागते. माझ्या गाडीत पाच दिवस लागले.

आता मूळ गोष्ट, जी मला आधी माहीत असती तर मी त्या पहिल्याच दिवशी उठून आलो असतो. पी०१७१ या कोडमध्ये सेन्सर खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. आणि ही खबर कॉम्प्युटरला देतो कोण, तर पुढचा ऑक्सिजन सेन्सरच. म्हणजे जो बिचारा खरं सांगत होता त्यालाच खराब ठरवून माझ्याकडून पैसे काढले. बरं, दोन्ही बदलायला सांगणं तर आणखीनच खोटं, कारण पेट्रोल किती टाकायचं हे मुख्यतः कॅटच्या आधीचा सेन्सर ठरवतो, कॅटनंतरचा मुख्यतः कॅट काम करतोय का हे बघायला असतो.

काकांनी मला समजावलं ते असं. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते, आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या बाजूला साधी हवा. टोक ३०० डिग्रीच्या वर तापलं की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितकं व्होल्टेज तयार होतं, बाहेरून बॅटरीचं नाही, सेन्सर स्वतः तयार करतो. धुरात ऑक्सिजन शिल्लक नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडलं, तर ०.८-०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ च्या आसपास. हीटर असतो तो फक्त टोक लवकर तापावं म्हणून. तंत्र काही नवं नाही, बॉशचा हा सेन्सर १९७६ मध्येच व्होल्वोच्या गाड्यांत आला होता. पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते आणि कॅट नीट चालतो तो याच प्रमाणाच्या आसपास, म्हणून कॉम्प्युटर सारखा थोडं वाढव, थोडं कमी कर करत राहतो आणि पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज सारखं वर-खाली होत राहतं. ते वर-खाली होणं हेच तब्येत चांगली असल्याचं लक्षण. (हे सगळं साध्या सेन्सरबद्दल, काही गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याचं रीडिंग वेगळं दिसतं.)

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू, रेस नाही) पुढचा सेन्सर बराचसा ०.१ ला चिकटलेला, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम २५ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा तेवढं जास्त पेट्रोल ओतूनही मिश्रण लीनच. साधारण १० च्या आत असेल तर ठीक असतं. मग काकांनी ॲक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमला धरलं, तर ट्रिम खाली उतरू लागला आणि सेन्सर छान वर-खाली करायला लागला. ते म्हणाले, "बघा, आयडलला खोट आणि रेस दिली की सुधारतं, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा घुसतेय." रेस दिल्यावर इंजिन इतकी हवा ओढतं की त्या छोट्या गळतीचा वाटा नगण्य होतो, म्हणून. खात्रीसाठी त्यांनी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा घ्यायच्या मार्गात, थोडा कार्ब क्लीनर (पेट्रोलसारखा जळणारा स्प्रे) मारला, तर व्होल्टेज ताबडतोब ०.९ च्या जवळ गेलं, आणि रेस देऊन पाय एकदम काढला तर झटकन खाली. ज्याला मेलेला म्हणून सांगितलं होतं तो सेन्सर इतका जिवंत.

गळती शोधायला इनटेकमध्ये स्मोक मशीनचा धूर सोडला. दोन मिनिटं काही नाही, मग पीसीव्हीच्या (इंजिनच्या आतला वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) रबरी नळीच्या वाकलेल्या भागातून, खालच्या बाजूने, अगरबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. नळी हातात घेऊन वाकवली तेव्हा कुठे ती चीर उघडली, वरून बघून कधीच दिसली नसती. माझ्या गाडीत हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर त्या नळीच्या आधी आहे, त्यामुळे चिरेतून आत जाणारी हवा कोणी मोजतच नव्हतं. नळी बदलली, कोड पुसला. आणि कॅट? गाडी गरम करून मागच्या सेन्सरचा ग्राफ पाहिला तर ०.६-०.७ वर शांत, सरळ रेघ. कॅट खरंच गेला असता तर मागचाही पुढच्यासारखाच नाचला असता आणि सहसा पी०४२० कोड आला असता. तसा कोड माझ्या गाडीत नव्हताच.

फोटो आणि तो तीन वायरींचा सेन्सर घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेलो. आधी म्हणाला पोराने चुकून दुसरा खोका दिला. नटाचा फोटो दाखवल्यावर म्हणाला गंज आठवड्यात पण चढतो. मग मी म्हणालो, आत्ता इथे गाडी वर घ्या आणि नवा टाकलेला दाखवा. त्यावर तो गप्प बसला. बरीच बोलाचाली झाली, एका सेन्सरचे पैसे परत मिळाले, दुसऱ्याचे आणि मजुरीचे नाहीत. तक्रारीसाठी बिल आणि फोटो जपून ठेवलेत.

सेन्सर खरंच खराब होतात हेही सांगतो, नाहीतर उगाच प्रत्येक मेकॅनिकवर संशय घ्याल. हीटर जळला तर पी०१३५ सारखा वेगळा कोड येतो आणि मल्टीमीटरने दोन मिनिटांत कळतं. चुकीचा सिलिकॉन सीलंट वापरला किंवा कूलंट जळत असेल तर टोकावर पांढरट थर बसतो आणि सेन्सर सुस्त होतो. अशा वेळी बदलायलाच हवा. पण बदलायच्या आधी लाइव्ह ग्राफ दाखवा म्हणा, काम सुरू व्हायच्या आधी जुन्या सेन्सरच्या नटाचा आणि वायरींचा जवळून फोटो घ्या, नटावर पेंटच्या पेनने एक ठिपका मारून ठेवला तर आणखी उत्तम. जुने पार्ट मोजून परत घ्या आणि वायरी, कनेक्टर जुळतात का बघा. वायरी कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर टाकत असतील तर आधी विचारून घ्या, आणि जोड सोल्डरने करू देऊ नका, कारण बऱ्याच सेन्सरमध्ये आतली साधी हवा त्या वायरींमधूनच जाते.

आणि ज्यांची लाइट आत्ता लागलेली आहे त्यांनी कोणालाही कोड पुसू द्यायच्या आधी स्क्रीनवर फ्रीझ फ्रेम उघडायला सांगा आणि त्याचा फोटो काढा. लाइट लागली त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं, बहुतेक गाड्यांत ट्रिमसुद्धा, सगळं त्यात असतं, आणि कोड पुसला की ते पण पुसलं जातं. माझ्या गाडीचं तसंच पुसलं गेलं, ते असतं तर आयडलवरचा आरपीएम पाहून काकांना गळतीचा अंदाज तिथेच आला असता.