व्हिटॅमिन सी वालं डेव्हलपिंग किट : ५ पैकी साडेतीन स्टार, फिक्सरने घात केला

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायचं किट घेतलं त्याला आता चार महिने होतील, १० रोल धुऊन झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, असली किटं थोड्याफार फरकाने सारखीच असतात आणि माझी तक्रार एकट्या त्या कंपनीबद्दल नाहीच्चे.

बॉक्समधे काय तर डेव्हलपरची (फिल्मवर फोटो उमटवणारं रसायन) दोन पाकिटं, ए आणि बी, एक लिटर पाण्यात विरघळवायची, आणि फिक्सरची (उमटलेला फोटो पक्का करणारं रसायन) घट्ट द्रावणाची बाटली. फिल्म गुंडाळायची रील आणि ती ठेवायचा अंधारबंद टँक माझं जुनंच. पाकिट ए आधी पूर्ण विरघळू द्या मगच बी टाका, मी पहिल्यांदा घाई केली आणि तळाला गुठळ्या घेऊन अर्धा तास ढवळत बसलो.

घेतलं ते एकाच कारणासाठी, हायड्रोक्विनोन नको होतं. डी-७६ सारख्या जुन्या डेव्हलपरमधे ते असतं, काम फर्स्टक्लास करतं पण पाण्यातल्या जिवांना वाईट. या किटमधे त्याच्या जागी एस्कॉर्बेट, म्हणजे आपल्या व्हिटॅमिन सीचाच भाऊबंद. आयडिया नवी नाही, कोडॅकने १९९६ला एक्सटॉल काढलं ते याच जातीचं. रिझल्ट बघाल तर इलफर्ड कंपनीच्या एचपी५ फिल्मचा ग्रेन, म्हणजे फोटोतले कण, बारीक आला, सावलीतलं डिटेल छान, पांढरी भिंत आणि पांढरा शर्ट वेगवेगळे दिसतात, अजून काय पाहिजे. वासही जवळजवळ नाही त्यामुळे घरातले कुरकुरले नाहीत.

आता दहावा रोल. टँक उघडला तर अख्खी फिल्म काचेसारखी स्वच्छ. कडेला जे फ्रेमचे नंबर आणि फिल्मचं नाव छापलेलं असतं ना, तेही गायब, तिथेच कळलं की कॅमेऱ्याची चूक नाही, डेव्हलपर मेलाय (नंबर दिसत असते आणि फ्रेम कोऱ्या असत्या तर कॅमेऱ्याकडे बघायचं). बाकीचे डेव्हलपर म्हातारे होताना चहासारखे काळपट पडतात, हा पठ्ठ्या शेवटपर्यंत पाण्यासारखा दिसतो आणि एक दिवस न सांगता जातो. अर्धा स्टार तिथे गेला. आता दर वेळी रोल घालायच्या आधी लीडरचा (रोलचं सुरुवातीचं टोक, ज्यावर फोटो नसतो) कापलेला तुकडा उजेडातच डेव्हलपरमधे टाकून बघतो, दोन-चार मिनिटात काळाकुट्ट झाला तरच पुढे. हे माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता आलं असतं की नाही?

पूर्ण एक स्टार मात्र फिक्सरचा कापलाय. बॉक्सवर हिरवं पान छापलंय, 'पर्यावरणपूरक', आणि वापरलेल्या फिक्सरचं काय करायचं तर बारीक अक्षरात 'स्थानिक नियमांप्रमाणे विल्हेवाट लावा'. झालं. अहो खरी भानगड तिथेच आहे! डेव्हलपर कितीही सात्त्विक असो, फिल्मवरची जी चांदी फोटो बनायला वापरली गेली नाही ती सगळी फिक्सरमधे उतरते. रात्रीचे अंधारे फोटो काढलेत तर अजून जास्त, कारण उजेड न लागलेली चांदी निगेटिव्हवर राहतच नाही. सुटी चांदी माशांना, शेवाळाला फार विषारी, फिक्सरमधे ती थायोसल्फेटला, म्हणजे फिक्सरच्या मुख्य रसायनाला, घट्ट बांधलेली असते म्हणून तेवढी चावत नाही, पण म्हणून सिंकमधे ओतायला मोकळे असं नाही ना.

फिल्मच्या कारखान्यांचा इतिहास काही सोज्वळ नाही. पूर्व जर्मनीत वोल्फेनला फिल्म आणि कृत्रिम धाग्याचा मोठा कारखाना होता, त्यांनी सांडपाणी कोळशाच्या जुन्या खाणीत सोडून सोडून तळं केलं, लोक त्याला झिल्बरझे म्हणायचे, म्हणजे चांदीचं तळं. पण मोठ्या लॅबला निदान चांदी परत काढणं परवडायचं, त्यासाठी यंत्रं असायची. आता तेच काम हजारो बाथरूममधे विखुरलंय आणि प्रत्येकाची चिमूटभर चांदी कोणी गोळा करणार नाही. फिल्म मरतेय वगैरे मला पटत नाही, कोडॅकने २०१२ला बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ला परत आली, इलफर्डच्या फिल्म बनवणाऱ्या हार्मनने २०२३ला फिनिक्स नावाची कलर फिल्म आणली, पेंटॅक्सने २०२४ला चक्क नवा फिल्म कॅमेरा काढला. म्हणजे घरी रोल धुणारे वाढणार, आणि किटवाल्यांनी हिरवं पान छापण्यापेक्षा वापरलेला फिक्सर बाटलीत भरून परत घ्यायची सोय केली तर बरं.

(आणि बॉक्सवरचा तो 'व्हीगन' शिक्का तर काढूनच टाका हो. डेव्हलपर असेलही, फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडं.)

पाण्याचं म्हणाल तर तिथे मात्र किटला पूर्ण मार्क. फिक्सर हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला आहे त्यामुळे फिल्मवरचा फिक्सर धुऊन काढायची इलफर्डची पद्धत चालते, टँक भरा, ५ वेळा उलटासुलटा करा, ओता, परत भरा, १० वेळा, ओता, मग २० वेळा. एका रोलला लिटरभर पाण्यात काम होतं. मी आधी दहा-दहा मिनिटं नळ सोडून उभा राहायचो, आता आठवलं की लाज वाटते. स्टॉप बाथच्या (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) जागीही साधं पाणी वापरतो, काही बिघडलं नाही.

फिक्सर उगाच लवकर टाकू पण नका. नवीन असताना लीडरचा तुकडा किती सेकंदात पारदर्शक होतो ते बाटलीवर लिहून ठेवा, तो वेळ दुप्पट झाला की फिक्सर संपला. माझा ३५ सेकंदांवरून ७० वर गेला तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात ओतून त्यात साबण नसलेली स्टील वूल (घासायची बारीक लोखंडी तार) टाकली. लोखंड विरघळतं आणि चांदी काळा चिखल होऊन खाली बसते. दोन दिवसांनी वरचं पाणी गंजक्या रंगाचं आणि तळाशी बोटभर गाळ. श्रीमंत वगैरे होत नाही कोणी. ज्या लॅबला कलरचे रोल देतो त्यांच्याकडे चांदी काढायचं मशीन आहे, विचारलं तर म्हणाले आणा की, गाळ पण आणा आणि पुढच्या वेळी स्टील वूलचा उद्योग न करता फिक्सर तसाच बाटलीत आणा. हे आधी विचारलं असतं तर डबा वाचला असता, त्याचे डाग काही जात नाहीयेत.

दुसरं किट मागवलंय, तेच. या वेळी डेव्हलपरच्या बाटलीवर तारीख घातलीये.