एकाचे दोन दिसणे आणि संध्याकाळचा थकवा : अलकापुरीतील एका न्यूरो-नेत्र तपासणी केंद्राचे परीक्षण

बडोद्यात डोळ्यांच्या दवाखान्यांची वाण नाही. मात्र एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागल्यावर, आणि त्यांच्या जोडीला अकारण थकवा आल्यावर, नेमके कोणाकडे जावे हे बहुतेकांना ठाऊक नसते. माझ्या चौसष्ट वर्षांच्या वडिलांना अलकापुरीतील ज्या केंद्रात नेले, तेथे नेत्रतज्ज्ञ आणि मेंदुविकारतज्ज्ञ एकाच छताखाली बसतात. केंद्राचे नाव येथे दिलेले नाही, कारण हे परीक्षण त्यांच्या पद्धतीचे आहे. अशी पद्धत जेथे पाळली जाते ते कोणतेही केंद्र या तक्रारीसाठी योग्य ठरेल.

बाबा दांडिया बाजारातून सकाळी चालत सूरसागरापर्यंत जातात, परत येऊन वर्तमानपत्र सलग वाचतात, आणि दिवेलागणीला त्याच वर्तमानपत्राच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, अशी त्यांची तक्रार होती. याआधी ज्यांना दाखवले त्यांनी मधुमेहाकडे बोट दाखवून, नस दुखावली असेल, तीन महिन्यांत आपोआप बरे होईल, असे सांगितले होते. हे उत्तर अगदीच निराधार नव्हते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांमध्ये डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा कमी पडून दूरच्या वस्तू शेजारीशेजारी दोन दिसू लागतात, आणि बहुतेकांचा हा त्रास तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. परंतु अशा नसेचा दोष सकाळी नाहीसा होऊन संध्याकाळी परत येत नाही. या चढउताराची विचारपूस आधी कोणीच केली नव्हती.

या केंद्राचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी तक्रार ऐकून भेटीची वेळच बदलली. दूरध्वनीवर स्वागतिकेने त्रास केव्हा वाढतो हे विचारले आणि सकाळच्या मोकळ्या वेळा असतानाही संध्याकाळी साडेपाचची वेळ दिली. शिवाय, त्या दिवशी दुपारी झोपू नये, असेही बजावले. विश्रांतीने लपणारा दोष ताज्यातवान्या रुग्णात सापडत नाही, एवढी साधी गोष्ट. तरी आपल्याकडची बहुतेक बाह्यरुग्ण तपासणी सकाळीच उरकली जाते. माझ्या मते या केंद्राला मिळणाऱ्या गुणांपैकी निम्मे गुण एवढ्याच कारणासाठी आहेत.

तपासणीची सुरुवात एका तरुण तंत्रज्ञ मुलीने केली. एक डोळा झाकल्यावरही दोन प्रतिमा दिसतात का, हा तिचा पहिला प्रश्न. दिसत असतील तर दोष त्या एकाच डोळ्यात असतो, म्हणजे मोतीबिंदू, बुबुळाची वक्रता किंवा कोरडेपणा, आणि काळजी बरीच कमी होते. कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाही असा अर्थ होतो, आणि मग स्नायू, मज्जातंतू व मेंदू यांचा शोध सुरू होतो. बाबांचा प्रकार दुसरा होता.

त्यानंतरची तपासणी मी जवळून पाहिली. मान न हलवता छताजवळच्या लाल ठिपक्याकडे पाहत राहायचे होते. ती मुलगी, 'काका, उपर जोया करो,' असे म्हणत शेजारी उभी होती. सुरुवातीला काहीच घडले नाही. मग उजवी पापणी हळूहळू खाली येऊ लागली आणि मिनिटभरात तिने बाहुलीचा वरचा काठ झाकला. बाबांना वाटत होते की आपण डोळे पूर्ण उघडे ठेवले आहेत. लगेच बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे ठेवली, आणि ती काढल्यावर पापणी जवळपास जागेवर आली. नसेचा निरोप स्नायूला देणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन मोडणाऱ्या विकराचे काम थंडीमुळे मंदावते, त्यामुळे तो निरोप स्नायूपर्यंत अधिक पोहोचतो, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. इतक्या स्वस्त साधनाने एवढी मोठी दिशा मिळते, हे पाहून मला आश्चर्य वाटले.

संशय मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करते. स्नायू वापरावा तसा थकतो आणि विसाव्याने सावरतो. बाहुलीचा आकार बिघडत नाही आणि वेदनाही नसते. तरीही डॉक्टरांनी तेवढ्यावर शिक्कामोर्तब केले नाही, हे मला अधिक भावले. लपलेला तिरळेपणाही दमल्यावर उघडा पडतो, म्हणून तो प्रिझम लावून मोजला. थायरॉइडमुळे डोळ्यांचे स्नायू सुजतात तेव्हा दुहेरी दिसणे बहुधा सकाळी उठल्यावर जास्त असते. तरीही मायस्थेनियाच्या रुग्णांत थायरॉइडचे विकार अधिक आढळतात म्हणून ती रक्ततपासणी लिहून दिली. पन्नाशीपुढच्या रुग्णात थकव्यासोबत चावताना जबडा दुखणे किंवा केस विंचरताना टाळू हुळहुळणे असेल तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घ्यावी लागते, कारण उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. तेही विचारून घेतले. पापणी पडून बाहुली मोठी झालेली असेल आणि डोके दुखत असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा पापणी उचलणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते आणि तेथे भेटीची वेळ ठरवत बसायचे नसते, हेही त्यांनी आमच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले.

खर्चाच्या बाबतीत मात्र केंद्र मोकळेपणाने बोलत नाही. स्नायूवर ॲसिटिलकोलीन झेलणाऱ्या रिसेप्टरवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते आणि तिचा दर रक्त काढल्यानंतर कळतो, ही पद्धत मला पटली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर ही तपासणी जवळजवळ निम्म्या रुग्णांत नकारात्मक येते, हे पैसे भरण्याआधी सांगायला हवे होते. आमचा अहवाल नकारात्मकच आला आणि निदान सिंगल फायबर ईएमजीने, म्हणजे स्नायूतील विद्युत संदेश मोजणाऱ्या तपासणीने, पक्के झाले. या बारीक सुईच्या तपासणीत कपाळाच्या स्नायूवर बराच वेळ जातो, आणि ती करणारे डॉक्टर घाई करत नव्हते. छातीचा सीटी स्कॅन प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथीत गाठ नाही ना हे पाहण्यासाठी होता, आणि त्याचे कारण त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवले.

पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीने बाबांची पापणी तासाभरात उचलली जाते, दोन प्रतिमा मात्र पूर्ण जुळत नाहीत. असेच होण्याची शक्यता आधी सांगितलेली असल्यामुळे निराशा झाली नाही. स्टेरॉइड अगदी थोड्या मात्रेत सुरू करून साखरेवर लक्ष ठेवण्यासाठी घरी मोजण्याची वही दिली आहे. पोटात मुरडा येतो, ही पायरिडोस्टिग्मिनची सवयच आहे.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पाकिटात मावणारे एक कार्ड. जेंटामायसिनसारखी इंजेक्शने, सिप्रोफ्लॉक्सासिन व अझिथ्रोमायसिन गटांतील प्रतिजैविके, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम आणि रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर यांनी हा आजार बळावू शकतो, म्हणून कोणत्याही दुसऱ्या डॉक्टरांना ते आधी दाखवायचे. कार्ड इंग्रजी आणि गुजरातीत आहे. आईसाठी मी त्याची मराठी प्रत फ्रिजवर लावली. साध्या सर्दीतापाला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची आमच्या घरची सवय त्यामुळे बंद झाली.

केंद्र रविवारी बंद असते आणि रात्रीचा दूरध्वनी कोणी उचलत नाही, ही मोठी उणीव आहे. डोळ्यांपासून सुरू झालेला हा आजार पुढे घसा आणि छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. आणि असे पसरणे घडायचे असेल तर ते बहुधा पहिल्या दोन वर्षांतच घडते. गिळताना ठसका लागणे, बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागणे किंवा आडवे पडल्यावर श्वास अपुरा वाटणे यांपैकी काहीही झाले, तर या केंद्राची वाट न पाहता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात थेट जावे, असे त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून दिले आहे.