इंजिन उघडलंच नाही, बिल मात्र हेड गॅस्केटचं

जुन्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर-खाली व्हायला लागला आणि कूलंट कमी व्हायला लागलं, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हेड गॅस्केट उडालंय, इंजिन खोलावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर. कधी ते खरंच गेलेलंही असतं. पण या वाक्याची धास्ती एवढी असते, की तिच्या जोरावर माणसाला सहज लुबाडता येतं. मला असंच लुबाडलं. ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झालंच नव्हतं, आणि जे केलं त्यानं गाडीचं आणखी नुकसान झालं. तुमची गाडी जुनी असेल तर हे नीट वाचा, कारण ही लबाडी पकडता येते.

माझी गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, भरपूर चाललेली. काटा एरवी मध्यावर स्थिर असायचा. मग तो चढावर एकदम वर जायचा आणि थोड्या वेळानं आपोआप खाली यायचा. हीटर मध्येच गार हवा फेकायचा. दर काही दिवसांनी कूलंटची टाकी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली असायची, पण गाडीखाली जमिनीवर एक थेंब दिसायचा नाही. गाडी गॅरेजमध्ये नेली. मालकानं बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि आतून बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर दुधी, चिकट साय होती. "बघा मॅडम, ऑइलमध्ये पाणी गेलंय. अशीच चालवलीत तर इंजिन बसेल." तपासणी एवढीच. कसलंही उपकरण लावलं नाही, गाडी चालवूनही बघितली नाही.

ती साय कशाची होती हे आधी सांगते, कारण याच पुराव्यावर लोक हादरतात. गाडी जवळच्या जवळच फिरत असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आतल्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते झाकणाच्या आतल्या गार भागावर ऑइलमध्ये मिसळून पांढरट थर धरतं. नुसत्या झाकणावरच्या थरानं हेड गॅस्केट गेलं असं ठरत नाही. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. तिथलं ऑइलही चहाच्या रंगाचं, फेसाळ दिसत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल, तर चिंतेचं कारण आहे. माझ्या डिपस्टिकवर साधं, जुनं, काळं ऑइल होतं. ते कुणी बघितलंच नाही.

गाडी ठेवून घेतली. काही दिवसांनी फोनवर एका फाटलेल्या गॅस्केटचा फोटो आला, "हे तुमचं". बिलात हेड गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), नवं कूलंट आणि मजुरी होती. जुना पार्ट मागितला तर "भंगारात गेला" असं उत्तर मिळालं. गाडी काही आठवडे खरंच ठीक चालली. मग हीटर कायमचाच गार पडला, काटा पूर्वीपेक्षा वर राहू लागला आणि टाकीत तपकिरी, रवाळ गाळ दिसू लागला.

दुसरे मेकॅनिक वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि तिथे दाबमापक असलेला हातपंप बसवला. यालाच प्रेशर टेस्ट म्हणतात. झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो, बहुतेक गाड्यांत १ बारच्या आसपास, तेवढा दाब पंपानं भरायचा आणि मापकाकडे बघत थांबायचं. दाब टिकला तर बहुधा गळती नाही. माझा उतरत गेला. त्यांनी टॉर्च घेऊन खाली बघितलं, तर वॉटर पंपाच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून थेंब येत होता. पंपाचं सील झिजलं की पाणी बाहेर पडावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. भोकाभोवती वाळलेल्या कूलंटचा रंगीत, खरखरीत थरही होता. गाडी चालू असताना हेच थेंब तापलेल्या इंजिनावर पडून उडून जायचे, म्हणून जमीन कोरडी राहायची. मग त्याच हातपंपावर त्यांनी रेडिएटरचं झाकण तपासलं. ते लिहिलेल्या दाबाच्या निम्म्यावरच सुटत होतं.

झाकण ही क्षुल्लक वस्तू वाटते, पण सगळी यंत्रणा तिच्यावर उभी असते. दाब १ बारनं वाढला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. कूलंट मिसळलं की आणखी उशिरा. झाकण दाब धरेनासं झालं की कूलंट लवकर उकळतं, टाकीत ढकललं जातं आणि तिथून बाहेर सांडतं. काटा का नाचत होता हेही तेव्हा उलगडलं. पातळी घटल्यावर आत हवेचे आणि वाफेचे कप्पे तयार होतात. सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा आली की काटा खोटाच खाली येतो, गरम पाण्याची लाट आली की झपकन वर जातो. म्हणून काटा उतरला म्हणजे इंजिन गार झालं असं अजिबात धरू नका. कूलंट संपत आलं असताना काटा खाली आणि इंजिन मात्र भट्टीसारखं, अशी वेळ येऊ शकते, आणि हेड खरोखर वाकतं ते अशाच वेळी.

यानंतर त्यांनी हेड गॅस्केटची तपासणीही केली. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावायची, इंजिन चालू करायचं आणि आतली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर पेट्रोल इंजिनात निळा रंग पिवळा होतो. माझ्या गाडीत तो निळाच राहिला. "गॅस्केट नवं असल्यामुळे असेल का?" मी विचारलं. त्यांनी मला जवळ बोलावून हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा दाखवला. त्या सांध्यावर वर्षानुवर्षांचं काळं, कडक कीटण सलग, न तुटता बसलेलं होतं. एक्झॉस्टच्या नटांवरचा गंज शाबूत, कुठेही पान्याची खूण नाही. अशा इंजिनात हेड उतरवायचं तर टायमिंग बेल्ट काढावाच लागतो आणि वरचं कव्हरही. त्या कव्हरच्या कडेचं रबर जुनं, दगडासारखं झालेलं होतं. शेवटी मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी गॅस्केटची मोठी भोकं मोजली, दर सिलिंडरला एक असतं: तीन. माझं इंजिन चार सिलिंडरचं आहे.

मग गाडी मधले काही आठवडे ठीक कशी चालली? टाकीतला गाळ हे त्याचं उत्तर. पहिल्या गॅरेजवाल्यांनी कूलंटमध्ये गळती बुजवणारी पावडर ओतली होती. ती पंपाच्या भोकापाशी काही काळ अडकून बसली आणि गळती कमी झाली, पण सोबत हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसली. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवायला ती पावडर ठीक आहे. हेड गॅस्केटचे पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या गाडीत ती गुपचूप ओतणं ही सरळ चोरी आहे, आणि मला त्याचा आजही संताप येतो.

पहिल्या गॅरेजमध्ये परत गेले तेव्हा आधी "तुम्ही साधं पाणी घातलं असेल" असं ऐकवलं. सांध्याचे फोटो आणि तीन भोकांचा त्यांचाच फोटो समोर ठेवल्यावर "पोरानं चुकून दुसऱ्या गाडीचा पाठवला" असं म्हणाले. पैसे परत द्यायला साफ नकार. फोटो, बिल आणि दुसऱ्या मेकॅनिकनं लिहून दिलेला तपासणीचा निष्कर्ष जोडून मी ग्राहक तक्रार केली आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर गॅरेजला जाण्याआधी स्वतः थोडं निरीक्षण करा. गर्दीत थांबल्यावर काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? बहुधा पंखा, त्याचा रिले किंवा स्विच बघावा लागेल. वेगात पळतानाच चढतो? रेडिएटर तुंबलेला असू शकतो किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, पूर्ण उघडत नसेल. काचेवर आतून चिकट धुकं, गोडसर वास आणि पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, इंजिन तापल्यावरही एक्झॉस्टमधून गोड वासाचा पांढरा धूर सुटत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय रास्त आहे. झाकण फक्त इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं.

आणि कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हणालं, तर प्रेशर टेस्ट आणि निळ्या द्रवाची टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. टाळाटाळ झाली तर गाडी परत घ्या. काम द्यायचंच ठरलं, तर आधी हेडच्या सांध्याचे जवळून फोटो काढा, जुने पार्ट परत हवेत आणि कूलंटमध्ये कुठलीही पावडर टाकायची नाही हे जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि हेड उतरवलेलं असताना स्वतः जाऊन बघा. माझ्या गाडीला नवा वॉटर पंप, नवं झाकण आणि थर्मोस्टॅट बसला, काटा आता स्थिर आहे. पण पावडरीमुळे रेडिएटर बदलावा लागला आणि हीटरचा कोअर दोनदा धुऊनही अर्धाच चालतो. त्याच्या बदलीचा खर्चही मी तक्रारीत जोडला आहे.