लेझरवाला म्हणाला, घर खचतंय

परभणीतलं आमचं घर काळ्या मातीवर आहे, जुनं, विटांच्या भिंतींवर उभं. हॉलच्या एका कोपऱ्यात फरशी बसली होती, स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट दिसत होती आणि उन्हाळ्यात कंपाउंडच्या भिंतीला तडे गेले होते. एवढ्या भांडवलावर 'पाया दुरुस्ती' करणाऱ्या एका कंपनीनं आईबाबांकडून पावणेदोन लाख रुपये काढले. कसे, ते सविस्तर लिहिते, कारण हीच मंडळी आता आमच्या भागात दारोदार 'मोफत तपासणी' करत फिरतायत.

मे महिन्यात आलेला मुलगा बोलायला गोड. "काका, तुम्ही फक्त बसून बघा." तिपाईवर हिरव्या रेषेचा लेझर, हातात पट्टी, टॅबवर घराचा नकाशा. घरभर फिरून त्यानं आकडे भरले आणि टॅबवर रंगीत चित्र उमटलं. हॉल हिरवा, बसलेला कोपरा पिवळा, मोरी आणि मागचा व्हरांडा लालभडक. सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल जागेत ४८ मिलिमीटरचा फरक. खाली १/३०० अशी, म्हणजे ३०० मिलिमीटर अंतरात १ मिलिमीटर फरक, 'सुरक्षित मर्यादा' छापलेली, आणि आमचं घर तिच्या पार पलीकडे. आईला रात्री झोप लागेना.

आकडे खरे होते. लबाडी त्यांच्या अर्थात होती. मोरीला आणि व्हरांड्याला गवंडी मुद्दाम उतार देतो, पाणी वाहून जावं म्हणून. आमच्या हॉलमध्ये जुन्या शहाबादीवरच नवी टाइल बसवलेली, मागे मात्र शहाबादी तशीच. म्हणजे टाइल आणि मसाल्याच्या जाडीएवढा फरक मुळातच. हे सगळं एकाच नकाशात ओतलं की कुठलंही घर 'खचतंय' असं दाखवता येतं. १/३०० हा आकडाही खोटा नाही. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या अभियंत्यांनी १९५६ मध्ये प्रत्यक्ष इमारतींच्या नोंदींवरून तो मांडला. पण तो बांधल्यानंतर दोन आधार एकमेकांच्या तुलनेत किती खाली-वर झाले, त्याबद्दल आहे. गवंड्यानं पहिल्या दिवशी दिलेला उतार त्यात धरायचाच नसतो.

आणि मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. आमच्यासारख्या घरात फरशी पायावर बसलेलीच नसते. भिंती पायावर, फरशी मात्र जोत्याच्या आत टाकलेल्या मुरमाच्या भरावावर. भरताना नीट पाणी मारून धुम्मस केली नसेल, म्हणजे ठोकून घट्ट केला नसेल, किंवा खाली नळ गळत असेल, तर भराव दबतो आणि फरशी खाली जाते. भिंत जागच्या जागी राहते, म्हणून तर स्कर्टिंगखाली फट पडते. ती फट म्हणजे भिंत आणि फरशी एकत्र खचलेली नाहीत याचा पुरावा. त्या मुलानं तीच 'पाया खचल्याची खूण' म्हणून फोटोत टिपली.

मग फरशीला भोकं पाडून सिमेंटचं पाणी दाबानं आत सोडलं. काळ्या मातीत ते जिरत नाही. तिची छिद्रं सिमेंटच्या कणांपेक्षा बारीक असतात. ते भरावातल्या पोकळीत गेलं आणि फुटक्या पाईपमधून चेंबरमध्ये. मोरी तुंबली तेव्हा प्लंबरनं आतून घट्ट झालेले सिमेंटचे गोळे काढले. त्याचं बिल वेगळं, हे सांगायला नकोच.

सप्टेंबरमध्ये कंपनीनं 'नंतरचं' माप घेतलं. सगळं घर हिरवं! का नसेल? मधल्या काळात त्यांनी सगळीकडे नवी टाइल पाणसळीत बसवली होती, आणि मोरी-व्हरांडा या वेळी नकाशातून गायब होते. कंपाउंडचे तडे मिटल्याचे फोटोही जोडले. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. असे तडे ऑगस्ट-सप्टेंबरात आपोआप मिटतात. मे महिन्यात घाबरवायचं आणि पावसाळ्यानंतर कामाचा गुण आला म्हणायचं. धंद्याचं वेळापत्रक मृगावर बेतलेलं.

शंका आली ती बाबांच्या ओळखीच्या एका निवृत्त ओव्हरसियर साहेबांना. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे घालवले आणि फरशीकडे ढुंकूनही न बघता बाहेरून जोत्याची रेष मोजली. मग सगळ्या खिडक्यांच्या सिलची उंची. पुढून मागे फरक काही मिलिमीटरचा, एवढा तर गवंड्याच्या हातचाच असतो. तरी "घर हललेलं नाही" असं ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत. "एका मापात घराचा आकार कळतो, हालचाल नाही," म्हणाले. संदर्भबिंदू, म्हणजे ज्या शून्यापासून बाकी उंची मोजायची ती खूण, त्यांनी आडाच्या दगडी कठड्यावर धरला, कारण ते बांधकाम खाली मुरमापर्यंत गेलंय. स्वयंपाकघरात एक बारीक तिरपी भेग होती, तिच्यावर सिमेंटनं काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकेल. पुढचं माप उन्हाळ्याच्या शेवटी, त्यानंतरचं दिवाळीच्या आसपास, त्याच खुणांवर. यासाठी त्यांनी एक कप चहा घेतला.

गळका नळ बदलला. कोपऱ्यातली टाइल पुन्हा काढून, भराव धुम्मस करून बसवायला जो खर्च आला तो पावणेदोन लाखांपुढे किरकोळ होता.

तुमच्याकडे असा कुणी आला तर त्याला विचारा, शून्य कुठे धरलं, आणि ती जागा घराबाहेर आहे का. आमच्याकडच्या दोन्ही रिपोर्टांत शून्य घराच्या आतच, आणि दोन्ही वेळा वेगळ्या जागी. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देताना हाच मुद्दा आम्ही वर ठेवलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. कंपनीचं उत्तर आलंय: "मापं शास्त्रीय पद्धतीनं घेतलेली आहेत." संदर्भबिंदूबद्दल त्यात एक ओळही नाही.