पहिला परदेशी रस्ताप्रवास: न्यूझीलंडचे दक्षिण बेट की आइसलँड?

परदेशात स्वतः गाडी चालवत निसर्ग पाहण्याचा विचार पक्का झाला, की न्यूझीलंडचे दक्षिण बेट आणि आइसलँड ही दोन नावे हमखास समोर येतात. हिमनद्या, धबधबे, विरळ वस्ती आणि गाडीतून उतरताच सुरू होणारा निसर्ग दोन्हीकडे आहे, त्यामुळे छायाचित्रे शेजारी ठेवून निर्णय घ्यायला बसले तर तो कधीच होणार नाही. माझ्या मते हा निर्णय सौंदर्यावर सोडूच नये. सुट्टी कोणत्या महिन्यात मिळते, किती दिवसांची मिळते आणि गाडी चालवू शकणारी दुसरी व्यक्ती सोबत आहे का, या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली तर पहिल्या प्रवासासाठी योग्य देश आपोआप पुढे येतो.

रस्त्याची बाजू

न्यूझीलंडमध्ये आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालतात आणि सुकाणू उजवीकडे असते. आइसलँडमध्ये हे सगळे उलट आहे. ही अडचण दोन दिवसांत सरते असे अनेकजण सांगतात, आणि सरळ रस्त्यापुरते ते खरेही आहे. मात्र धोका सरळ रस्त्यावर नसतोच. सकाळी मुक्कामाच्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर निघताना, पेट्रोल पंपावरून बाहेर वळताना किंवा छायाचित्रासाठी थांबून पुन्हा गाडी सुरू करताना समोर दुसरे वाहन नसते आणि हात जुन्या सवयीने गाडी चुकीच्या बाजूला नेतात. त्यात आइसलँडच्या दुपदरी गोलचौकांचा एक वेगळा नियम आहे: आतल्या मार्गिकेतून बाहेर पडणाऱ्या वाहनाला बाहेरच्या मार्गिकेतील वाहनाने वाट द्यायची असते. रेक्याविक शहर सोडल्यावर असे चौक फारसे लागत नाहीत, पण रात्रभरच्या विमानप्रवासानंतर पहिल्याच तासात ते लागतात, हे लक्षात ठेवायला हवे.

बाजू तीच असली म्हणून न्यूझीलंडमधले वाहन चालवणे आपल्यासारखेच असेल, असेही समजू नये. वस्तीबाहेरच्या बहुतेक रस्त्यांवर कमाल वेग ताशी १०० किलोमीटर आहे, परंतु त्यांपैकी पुष्कळ रस्ते दुभाजक नसलेले, एकेका पदराचे आणि सतत वळणारे आहेत. सह्याद्रीतल्या घाटांत ज्यांचा हात बसला आहे त्यांना वळणांची भीती वाटणार नाही. मात्र आपण वळणावर हॉर्न देतो आणि समोरचा थोडा आत आला तरी सावरून घेतो. तिथे कोणी हॉर्न देत नाही, आणि मधली रेषा ओलांडली जाणार नाही या विश्वासावरच समोरचे वाहन पूर्ण वेगात येत असते. मागे गाड्या साठल्या की सुरक्षित जागा पाहून डावीकडे थांबावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे, अशी तिथली अपेक्षा आहे. एकपदरी पुलांपाशी फलकावरचे बाण वाचावे लागतात. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबून समोरच्याला वाट द्यायची. आइसलँडमध्येही एकपदरी पूल आहेत, पण तिथे असे बाण नसतात. पुलाजवळ जो आधी पोहोचेल तो आधी जातो, असा रिवाज आहे.

वारा

वाऱ्याविषयी मी जरा विस्ताराने लिहीत आहे, कारण नियोजन करताना आपल्याकडे त्याचा विचार जवळपास होतच नाही. पाऊस, चिखल आणि धुके यांची आपल्याला ओळख आहे. आइसलँडचा वारा मात्र पूर्णपणे अनोळखी असतो. गाडी वाऱ्याकडे पाठ करून उभी केली आणि दार उघडले तर दार हातातून सुटून बिजागरीतून वाकते, आणि भाड्याच्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरलेले नसते. दक्षिण किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूच्या मैदानांत वाळू उडून काचा आणि रंग खरवडले जातात. त्यासाठी वेगळा विमा विकला जातो, आणि उडत्या खडीसाठी आणखी वेगळा. व्हात्नायोकुल हिमटोपीच्या पायथ्याशी जोरदार वारे सुटले की रस्ता बंद केला जातो, तो कधी काही तासांसाठी, तर कधी त्याहून अधिक. म्हणून रोज सकाळी निघण्यापूर्वी तिथल्या हवामान विभागाचा वाऱ्याचा अंदाज आणि रस्ते विभागाचा नकाशा पाहणे हा आइसलँडच्या प्रवासाचा नित्यनेम आहे. उंच कॅम्पर, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली गाडी घेणाऱ्यांनी तर आडव्या वाऱ्याचा विचार दुप्पट करावा.

दक्षिण बेटावर अशी सार्वत्रिक अनिश्चितता नसते; ती ठरावीक ठिकाणी एकवटलेली असते. ‘ते आनाउ’ या गावापासून मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीपर्यंतचा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता त्याचे ठळक उदाहरण आहे. मिलफर्डला वर्षाकाठी ६ मीटरहून अधिक पाऊस पडतो, हिवाळ्यात आणि वसंतात हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता बंद ठेवला जातो, आणि होमर बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे तीव्र उतार आहेत. तरीही या एका टप्प्यासाठी सोपा पर्याय आहे: गाडी ते आनाउला ठेवावी आणि बसने जाऊन यावे. आइसलँडमध्ये वारा संपूर्ण मार्गाला लागू होतो आणि त्याला असा पर्याय नाही.

मार्गाची आखणी

या बाबतीत आइसलँड उजवे ठरते. देशाला वळसा घालणारा क्रमांक १ चा रस्ता १,३२२ किलोमीटरचा आहे. १९७४ मध्ये स्केदारा नदीवरचा पूल झाल्यावर हे वर्तुळ पूर्ण झाले. नियोजन करणाऱ्याला फक्त दिशा आणि मुक्काम ठरवायचे असतात. सेल्यालांद्सफॉस आणि स्कोगाफॉस हे सुमारे ६० मीटर उंचीचे धबधबे रस्त्यावरून दिसतात, योकुलसार्लोन सरोवरातले हिमखंड मुख्य रस्त्याच्या कडेलाच तरंगत असतात, आणि उत्तरेला मीवात्नचा उकळत्या चिखलाचा प्रदेश व आकुरेरी शहर याच वाटेवर येतात. पूर्ण फेरीसाठी आठ दिवस किमान आणि दहा दिवस समाधानकारक. तेवढे दिवस नसतील तर फेरीचा हट्ट सोडावा आणि दक्षिण किनाऱ्याने योकुलसार्लोनपर्यंत जाऊन परतावे, हे मी आग्रहाने सुचवेन; सहा दिवसांत पूर्ण चक्कर मारणाऱ्यांचा बहुतेक देश गाडीच्या काचेतूनच पाहून होतो.

दक्षिण बेटावर असे तयार वर्तुळ मिळत नाही. मधोमध पर्वतरांग आहे, ती ओलांडणाऱ्या खिंडी मोजक्या आहेत, आणि सर्वांत सुंदर स्थळे बऱ्याचदा मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या, तिथेच संपणाऱ्या रस्त्यांच्या टोकाला आहेत. ३,७२४ मीटर उंचीच्या औराकी माउंट कुकच्या पायथ्याचे गाव असेच टोकाला आहे, आणि मिलफर्डही. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड नकाशावर जवळ भासते. प्रत्यक्षात रस्त्याने ते सुमारे २९० किलोमीटर आहे, म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासाठी आठेक तास चाकावर. त्यामुळे इथे काय वगळायचे, हाच नियोजनाचा मुख्य प्रश्न ठरतो. बारा दिवस असतील तर क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, ते आनाउ, तिथून वानाकामार्गे हास्ट खिंडीतून पश्चिम किनारा आणि आर्थर्स पास ओलांडून परत क्राइस्टचर्च अशी फेरी जमते. दिवस कमी असतील तर पश्चिम किनारा सोडून द्यावा. त्यात वाईट वाटण्यासारखे फारसे नाही, कारण फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या इतक्या मागे सरकल्या आहेत की दरीतून चालत बर्फावर जाता येत नाही. त्यासाठी आता हेलिकॉप्टर घ्यावे लागते आणि ढग उतरले की तेही रद्द होते. हिमनदी जवळून पाहणे हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे, त्यांनी आइसलँडच निवडावे.

अंतरांचा एक नियम दोन्हीकडे लागू पडतो. नकाशा-ॲपने तीन तास सांगितले तर साडेचार धरावेत, आणि रोजचे अंतर २५० किलोमीटरच्या आत ठेवावे. एकच चालक असेल तर २०० पुरे.

सुट्टीचा महिना

दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दक्षिण बेटावर वसंत असतो: दिवस मोठा होत असतो, शिखरांवर बर्फ शिल्लक असते, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून टेकापोच्या आसपास लुपिनची फुले येऊ लागतात. त्याच वेळी आइसलँडमध्ये दिवस झपाट्याने लहान होत असतो आणि वादळांचा हंगाम सुरू झालेला असतो. नाताळात हा फरक टोकाला जातो. न्यूझीलंडमध्ये भर उन्हाळा आणि स्थानिकांच्याच सुट्ट्यांमुळे गर्दी असते, तर आइसलँडमध्ये जेमतेम चार-पाच तास उजेड आणि निसरडे रस्ते. पहिल्यांदा उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्याने डिसेंबरमध्ये आइसलँडला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात चित्र फिरते. दक्षिण बेटावर शरद संपत आलेला असतो आणि दिवस आखूड होतो. आइसलँडमध्ये उजेड भरपूर असतो, मुख्य रस्ता साधारणपणे मोकळा असतो आणि उन्हाळ्याची गर्दी सुरू झालेली नसते. जून ते ऑगस्ट हा आइसलँडचा खरा हंगाम. मात्र अंतर्भागातले, क्रमांकाआधी ‘एफ’ अक्षर असलेले डोंगरी रस्ते जूनच्या उत्तरार्धापासून किंवा जुलैमध्ये उघडतात, त्यांवर चारही चाकांना शक्ती देणारी गाडीच कायद्याने चालते, आणि काही ठिकाणी पुलाविना नद्या ओलांडाव्या लागतात. पहिल्या प्रवासात हे रस्ते यादीतून काढून टाकावेत. अगदीच हवे असतील तर उंच चाकांच्या बसची सहल घ्यावी.

मध्यरात्रीचा सूर्यप्रकाश आणि ध्रुवीय प्रकाश एकाच प्रवासात पाहू, अशी अनेकांची कल्पना असते. ते शक्य नाही. ध्रुवीय प्रकाशाला काळोख लागतो आणि जून-जुलैत आइसलँडमध्ये काळोखच होत नाही. त्यासाठी सप्टेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ हवा. रात्रीचे आकाशच पाहायचे असेल तर टेकापोभोवतीचा प्रदेश २०१२ पासून अधिकृत काळोख-संरक्षित क्षेत्र आहे, आणि आकाशगंगेचा जो भाग आपल्याकडे क्षितिजाजवळ राहतो तो तिथे डोक्यावर येतो.

खाणे, मुक्काम, खर्च

शाकाहारी कुटुंबासाठी न्यूझीलंड निःसंशय सोपे आहे. क्राइस्टचर्च आणि क्वीन्सटाउनमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, आणि वाटेतल्या हॉलिडे पार्कमध्ये लहान खोल्यांसोबत सामायिक स्वयंपाकघर मिळते. आइसलँडमध्ये रेक्याविक सोडण्यापूर्वी स्वस्त सुपरमार्केटमधून चार दिवसांचा किराणा भरून घ्यावा आणि स्वयंपाकघर असलेलेच मुक्काम निवडावेत. लहान वस्त्यांत पेट्रोल पंपावरच्या खाण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. नळाचे पाणी दोन्ही देशांत निर्धास्त प्यावे. आइसलँडच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, पिण्यासाठी थंड नळ वापरावा.

घरून नेण्याच्या डब्यांबाबत न्यूझीलंडमध्ये अतिशय दक्ष राहावे. प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशपत्रावर जाहीर करावा लागतो. जाहीर न केलेला धोकादायक पदार्थ सापडला तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवरच होतो. मध न्यायलाच नको. मसाले, चटण्या, लाडू असे जे काही असेल ते लिहून द्यावे आणि तपासणी अधिकाऱ्यासमोर उघडून दाखवावे. बुटांच्या तळव्यांना लागलेली मातीसुद्धा आधीच धुऊन काढावी.

दिवसाचा खर्च आइसलँडमध्ये जास्त येतो, पण प्रवासाचे दिवस कमी असतात. न्यूझीलंडमध्ये दिवस वाढतात आणि एकूण आकडा तिथे चढतो. कॅम्परमुळे मुक्कामाचे पैसे वाचतील हा हिशेबही तपासून पाहावा. न्यूझीलंडमध्ये फुकटच्या जागी रात्र काढायला आत शौचालयासह प्रमाणित असलेले वाहनच सहसा चालते, डिझेल गाडीवर किलोमीटरमागे रस्ताकर लागतो, आणि आइसलँडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीविना कॅम्पसाइटबाहेर गाडीत झोपता येत नाही.

कागदपत्रे आणि आरक्षणाचा क्रम

आइसलँडसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा लागतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा. न्यूझीलंडचा पर्यटक व्हिसा वेगळा. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा; तो एक वर्षासाठी मिळतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो, म्हणून दोन्ही बाळगावेत. दुसऱ्या चालकाचे नावही भाडेकरारात घालावे, नाहीतर त्याच्या हातून झालेल्या नुकसानीला विमा लागू होणार नाही.

आइसलँड ठरले तर व्हिसाची भेट आणि दक्षिण किनाऱ्यावरचे मुक्काम आधी पक्के करावेत. विक हे गाव आणि योकुलसार्लोन यांच्या आसपासच्या खोल्या उन्हाळ्यासाठी फार लवकर भरतात. न्यूझीलंड ठरले तर माउंट कुक गाव आणि ते आनाउ यांच्यापासून सुरुवात करावी, कारण तिथे खोल्या थोड्या आहेत, आणि टेकापो व क्वीन्सटाउनच्या तारखा त्यांच्याभोवती बसवाव्यात. दोन्हीकडे पहिली रात्र विमानतळाजवळच काढावी आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी.